जालना ते लंडन, मनमाडमार्गे

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. केळणा नदीला उतार नाहीच, असं वाटाडे सांगत होते. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मग मध्ये उतार असणारच, हा त्याचा अंदाज खरा ठरला. दुसऱ्या दिवशी त्याने छावणीतूनच कलकत्त्याला, गव्हर्नर जनरल असलेल्या थोरल्या भावाला विजयाचं पत्र लिहिलं. लंडनला बातमी कळेपर्यंत मात्र १८०४ उजाडलं होतं. शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात; त्यात पाच-सहा महिने सहज मोडत.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, त्यातून आगबोटी जाऊ लागल्या आणि मुंबई-लंडन प्रवास आठवड्यांवर आला.

जालन्याहून मुंबईची रेल्वे गाठायचा टप्पा मात्र बैलगाडीच्या चालीनेच चालला होता. १९०० च्या सुमारास निजामाची रेल्वे मनमाडहून जालन्यामार्गे सिकंदराबादकडे गेली, तेव्हा कुठे इथल्या कापसाला वाट मिळाली. तीही अर्धीच. निजामाचे रूळ मीटर गेजचे, मनमाडपुढचे साडेपाच फुटांचे. मनमाडला डबे रिकामे करायचे, गाठी हमालांच्या पाठीवरून पलीकडच्या वाघिणींत चढवायच्या. प्रवाशांनीही वळकट्या उचलून गाडी बदलायची. हे नव्वदच्या दशकापर्यंत चाललं, आणि त्याचा दोष एकट्या निजामाच्या माथी मारता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरही चार दशकं रूळ तसेच राहिले.

दरम्यान ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या दिवशी जालना अजून निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादवरची पोलीस कारवाई व्हायला तीन महिने बाकी होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि आकाशातला वेळ आणखी घटला.

आज मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, थेट विमानाला लागतात दहाएक तास. जालना-मुंबई लोहमार्ग जेमतेम ४३५ किलोमीटरचा. ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालेली, आता नांदेडहून सुटणारी वंदे भारतही त्याला सुमारे सात तास घेते. चिकलठाण्याचा विमानतळ जालन्याहून पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण तिथलं मुंबईचं विमान लंडनच्या वेळेशी जुळायला हवं. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘समृद्धी’ महामार्गाने गाडी सुसाट जाते खरी, पण ती भिवंडीजवळ आमण्यापर्यंतच. पुढे ठाण्याची कोंडी. त्यात आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं. जालन्याहून रेल्वेने निघालेल्याचे आकाशात दहा तास जातात, आणि तेवढेच विमान सुटायच्या आधी, महाराष्ट्रातच.