प्रवाहाला वळण देणारी जाळी

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीची भिंत जेथे दुबळी होते, तेथे रक्ताच्या दाबाने तिला फुगा येतो. यालाच रोहिणीविस्फार म्हणतात. तो वर्षानुवर्षे मुकाट असतो; पण फुटला, की क्षणार्धात असह्य मस्तकशूळ उठतो, आणि कित्येक रुग्ण इस्पितळापर्यंतही पोहोचत नाहीत.

लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतील रोहिण्यांचे क्ष-किरणचित्र घेतले, तेव्हा हा वैरी प्रथम दिसू लागला. १९३७ साली बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. पुढे अर्धशतक हाच राजमार्ग होता.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली, आणि १९६५ साली डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. भारतीयांत हा विकार विरळा, असा त्या काळी समज होता. तपासणीची साधने वाढली, तसा तो ढळला. विकार विरळा नव्हता. त्याचे निदान विरळा होते!

१९९० साली लॉस एंजेलिस येथे ग्विदो ग्युल्येल्मी यांनी कवटी न उघडता, जांघेतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन, फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. परंतु फुग्याचे तोंड रुंद असले, की वेटोळी बाहेर सरकत. तेव्हा विचारच पालटला: फुगा भरण्याऐवजी प्रवाहालाच वळण का देऊ नये? मिटलेल्या अवस्थेत नेलेली तारांची जाळीदार नळी रोहिणीत उमलते. रक्त तिच्यातून सरळ वाहते, फुग्यातील रक्त मंदावून गोठते, आणि काही महिन्यांत जाळीवर रोहिणीचे नवे अस्तर चढते. अमेरिकेत अशा नळीस २०११ साली मान्यता मिळाली.

तथापि या उपायाचीही किंमत आहे. जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून बिंबाणूंना आवर घालणारी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या फुग्यात ती जपूनच वापरावी लागते. शिवाय तिचे मोल लाखांत जाते. आज दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथे हे उपचार होतात. पण दूरच्या खेड्यातील रुग्णाला तेथवर येण्यास लागणारा वेळ कोणतीही जाळी वाचवू शकत नाही. अवचित उठलेली भयंकर डोकेदुखी ही पित्ताची समजून घरी निजू नये, हे ज्ञान मात्र फुकट आहे. आणि ते घरोघर पोहोचल्यावाचून या विद्येचे सार्थक होणार नाही.