मळ कुणाचा, झीज कुणाची?

परवा आमचा वरचा फ्लॅट रिकामा झाला. राहणारी मुलगी किल्ली द्यायला आली आणि म्हणाली, "काकू, ओटा घासलाय, जळमटं काढलीत, बाथरूमही धुतलंय. डिपॉझिट पूर्ण मिळेल ना?" ह्यांनी रंगाचे म्हणून बारा हजार आधीच वजा करून ठेवले होते. मी गप्प बसले. रात्री झोप येईना, तेव्हा करारनामा काढून बसले. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही!

मूळ आहे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात. कलम १०८ सांगतं की भाडेकरूने जागा ताब्यात घेताना जशी होती तशा चांगल्या स्थितीत परत द्यावी. वापराने झालेली वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीने झालेले बदल तेवढे माफ. माझ्या भाषेत, मळ भाडेकरूचा आणि झीज मालकाची.

पण पुढे कितीतरी वर्षं हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या घरात उठलाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. भाडी गोठली, मग जागा सोडतो कोण? आणि डागडुजी करतो कोण? १९७६ साली आम्ही पुण्यात एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या, भाडं पस्तीस रुपये. मालक सफेदी करून देत नसत, आणि पस्तीस रुपयांत कुठून देणार म्हणा! दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून आम्हीच भिंतींना हात मारायचो. १९९२ ला ती जागा सोडली, तेव्हा सासूबाईंनी मला एकेक खिळा उपटून भोकं चुन्याने बुजवायला लावली. शहाबादी फरशी दोनदा धुतली. खरं तर डिपॉझिट नव्हतंच, कापणार काय? मालकीणबाई आल्या, खोल्या बघितल्या आणि माझी ओटी भरली. असो.

मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. त्याने टाळलं तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो. आता मात्र बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, अकरा महिन्यांनी नाहीतर दोन-तीन वर्षांनी निघतात. हा भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे इथे खरा आधार कराराचाच. आमच्या करारात १८८२ चीच झिजेची सवलत उतरवलेली निघाली, आणि खाली ह्यांनी घातलेली रंगाची ओळ!

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. त्यात भिंतींची सफेदी मालकाच्या यादीत आहे, सांडपाण्याची नळी साफ करणं भाडेकरूच्या. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण न्याय कुणीकडे झुकतो ते कळतं.

सकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, दोन वर्षांत रंग फिका पडला ही झीज. बेसिन तडकलंय, त्याचे घ्या." "सगळेच कापतात," ह्यांचं उत्तर. तासभर अबोला झाला. शेवटी बेसिनचे तेवढे कापून बाकी पैसे मुलीला पाठवले. पुढच्या करारातून रंगाची ओळ मी खोडली आहे. ह्यांची सही अजून व्हायची आहे.