स्वस्त स्मृति आणि लांब रांग

संगणकाची स्मृति स्वस्त झाली म्हणून संगणक आपल्या घरांत आला. आणि स्मृति स्वस्त झाली म्हणूनच घरांतलें इंटरनेट अडखळूं लागलें. यांतील पहिलें विधान सर्वांस मान्य होईल, दुसरें कोड्यासारखें वाटेल. परंतु दोन्ही विधानें खरीं आहेत, आणि दुसऱ्याचा अर्थ उलगडल्यावांचून आपला पैसा कोठें व्यर्थ जातो हें कुटुंबास कळणार नाहीं. महिन्याचा आकार वाढवून अधिक वेगाची जोडणी घ्यावी, आणि तरीहि परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलतांना शब्द तुटावेत, चित्र थिजावें, आणि तेंहि नेमकें शेजारच्या खोलींतून कोणी छायाचित्रें पाठवीत असतांना, हा अनुभव कितीतरी घरांत येतो. त्याचें मूळ शोधण्यासाठीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें मागें जावें लागेल.

इंग्लंडांतील केंब्रिज येथें क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं १९८० सालीं झेडएक्स-८० नांवाचा संगणक शंभर पौंडांहून पांच पेन्स कमी किंमतीस बाजारांत आणला. पुढील वर्षींचा झेडएक्स-८१ जुळविलेल्या स्थितींत ६९.९५ पौंडांस, आणि सुटे भाग घेऊन स्वतः जुळवावयाचा असल्यास ४९.९५ पौंडांस मिळे. संगणक ही सरकारची आणि मोठ्या कंपन्यांची मिरासदारी आहे, ही समजूत अशा यंत्रांनीं मोडली. मात्र झेडएक्स-८१ ची मूळची स्मृति होती केवळ १ किलोबाइट, म्हणजे १०२४ रोमन अक्षरांपुरती. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं त्याच केंब्रिजमधून, मुलांनीं संगणकाशीं पुनः खेळावें या हेतूनें, रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक ३५ डॉलरांस निघाला. त्याची स्मृति २५६ मेगाबाइट होती. एकतीस वर्षांत किंमत उतरली, आणि स्मृति अडीच लाखांहून अधिक पटींनीं वाढली.

आतां इंटरनेटची रचना पाहूं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें एकच कल्पना मांडली. मजकूर अखंड न पाठवितां त्याचे लहान तुकडे करावेत, आणि प्रत्येकावर पत्ता घालून तो रवाना करावा. डेव्हिस यांनीं या तुकड्यास पॅकेट हें नांव दिलें; आपण त्यास पाकीट म्हणूं. टेलिफोनप्रमाणें येथें दोघांसाठीं वाट राखून ठेविलेली नसते. सर्वांचीं पाकिटें एकाच वाटेनें जातात. वाटेवरील प्रत्येक नाक्यावर, म्हणजे राउटरवर, पाकीट क्षणभर थांबतें आणि पुढची वाट मोकळी झाली कीं निघतें. थांबण्याच्या या जागेस बफर म्हणतात. बफर स्मृतीचा बनलेला असतो, आणि त्यांत रांग लागते. आपली कथा या रांगेचीच आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांत एक विलक्षण प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचें विद्यापीठ यांमधील अंतर अवघें चारशें यार्ड. त्या दोहोंमध्यें सेकंदाला ३२ हजार बिटांच्या गतीनें चालणारी वाहतूक एकाएकीं ४० बिटांवर आली. दोन पानांचें पत्र घेऊन एखादा शिपाई पायीं निघाला असता, तर तो त्या यंत्रणेच्या आधीं पोंचला असता! तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रें बिघडलीं नव्हतीं. नाक्यावरील रांगा भरल्या, पोंच वेळेवर मिळेना, तेव्हां प्रत्येक संगणक तेंच पाकीट पुनः पुनः पाठवूं लागला, आणि गर्दीनें गर्दी वाढत गेली.

त्या प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन यांनीं मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्यानें यावर उपाय शोधला आणि १९८८ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांनीं नवी तार ओढली नाहीं. यंत्रांस शिष्टाचार शिकविला. पाठविणाऱ्यानें आरंभ थोडक्या पाकिटांनीं करावा, पोंच येत गेली तर प्रमाण वाढवावें, आणि पाकीट हरवलें कीं पुढें गर्दी आहे असें समजून आपला वेग झपाट्यानें उतरवावा. पाकिटाचें हरवणें ही येथें आपत्ति नसून बातमी आहे. त्या बातमीवर इंटरनेटची सारी शिस्त उभी राहिली.

भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाच्या द्वारें मिळूं लागलें. टेलिफोनच्या तारेवरून जाणारी ती वाट खरोखरच अरुंद होती. म्हणून मंदपणा म्हणजे अरुंदपणा, आणि त्यास औषध एकच, अधिक रुंद वाट, अशी आपल्या मनाची घडण झाली. वाट पुढें रुंद होत गेली. पण त्याच काळांत स्मृति मातीमोल होत चालली होती. राउटर आणि मोडेम बनविणाऱ्यांस वाटलें कीं, पाकीट हरवणें वाईट आणि स्मृति तर एवढी स्वस्त, मग रांगेस ऐसपैस जागा कां न द्यावी? हेतु चांगला होता, परिणाम उलटा झाला. मोठ्या बफरांत पाकीट हरवत नाहीं, तें नुसतें थांबून राहतें. त्यामुळें जेकबसन यांनीं जिच्यावर भिस्त ठेविली ती बातमी पाठविणाऱ्यास उशिरां पोंचते, आणि तोंवर तो रांग भरीतच राहतो.

हिशेब सोपा आहे. घरांतून बाहेर जाणाऱ्या वाटेची गति सेकंदाला १० लाख बिट, आणि मोडेममधील बफर २५६ किलोबाइटांचा असेल, तर भरलेली रांग ओसरण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. आतां दुसरें माप घ्या. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लाख किलोमीटर जातो, आणि मुंबईहून लंडनचें सरळ अंतर ७,२०० किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे तत्त्वतः लंडनास जाऊन परत येण्यास सेकंदाचा चौदावा हिस्सा पुरतो. आणि तेंच पाकीट आपल्या उंबरठ्यावर दोन सेकंद तिष्ठत बसतें. छायाचित्रास एवढा उशीर चालतो. संभाषणास चालत नाहीं.

हा दोष जगापुढें मांडणारे जिम गेटिस यांचा स्वस्त संगणकाच्या चळवळीशीं निकटचा संबंध होता. प्रत्येक मुलास एक लॅपटॉप, या निकोलस नेग्रोपोंटी यांच्या योजनेंत ते सॉफ्टवेअर विभागाचे उपाध्यक्ष होते. शंभर डॉलरांचा संगणक हें त्या योजनेचें उद्दिष्ट. तेवढी किंमत कांहीं साधली नाहीं. पण २००७ मध्यें ते हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान संगणक आपल्या रायगड जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेपर्यंत येऊन पोंचले होते. पुढें २०१० मध्यें गेटिस यांस आपल्या राहत्या घरीं मोठ्या फायली पाठवीत असतां विलंब एका सेकंदावर गेलेला आढळला. त्यांनीं मापें घेतलीं, इतर तज्ज्ञांस दाखविलीं, आणि या विकारास बफरब्लोट, म्हणजे बफरास आलेली सूज, असें नांव दिलें.

मे २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनीं कोडेल नांवाची रीति मांडली. रांग किती लांब आहे हें न पाहतां पाकीट किती वेळ थांबलें हें ती पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधींत एकहि पाकीट ५ मिलिसेकंदांच्या आंत सुटलें नाहीं, तर ती एक पाकीट मुद्दाम टाकून देते. पाठविणारा सावध होतो आणि रांग ओसरते. त्याच वर्षीं एरिक डुमाझे यांनीं लिनक्समध्यें तिला एका जुन्या तत्त्वाची जोड दिली. प्रत्येकाची रांग निराळी ठेवावी, म्हणजे ज्याचें काम दोन पाकिटांचें आहे त्यास गाडाभर सामान पाठविणाऱ्याच्या मागें खोळंबावें लागत नाहीं.

परंतु ही विद्या सामान्य घरांत यावी कशी? येथें स्वस्त यंत्रांनीं पुनः हात दिला. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४जी या घरगुती राउटरांतील लिनक्सवर आधारलेला प्रोग्रॅम २००३ मध्यें परवान्याच्या अटींनुसार खुला झाला, आणि त्यांतून २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी ही विनामूल्य प्रणालि जन्मास आली. २०११ पासून डेव्ह टाट यांनीं गेटिस प्रभृति मंडळींसह तिच्या आधारें या सुजेवर प्रयोग चालविले. त्यांतून रूढ झालेला घरगुती तोडगा असा: राउटरची मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष गतीहून शेंकडा पांच-दहानें कमी ठेवावी. मग रांग मोडेममध्यें न लागतां आपल्या राउटरमध्यें लागते, आणि तेथें शिस्त आपली चालते. थोडा वेग सोडल्यानें संभाषण सुरळीत होतें, हें ऐकण्यास विचित्र, पण अनुभवास खरें आहे.

ज्या घरीं वाटच अरुंद आहे, किंवा जाड भिंतींमुळें वायफायच्या लहरी आंतल्या खोलीपर्यंत पोंचत नाहींत, तेथें दुखणें निराळें आणि उपायहि निराळा. म्हणून आधीं निदान करावें. घरांत कोणी कांहीं पाठवीत नसतांना विलंब मोजावा, आणि मोठी फाइल पाठवीत असतांना पुनः मोजावा. दोन आंकड्यांत फार अंतर पडलें तर दोष रांगेचा आहे. तशा स्थितींत अधिक पैसे मोजून केवळ वेग वाढवून घेणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवा राउटर घेतांना दुकानदारास वेगाबरोबरच हाहि प्रश्न विचारावा कीं, याच्यांत रांगेची व्यवस्था कशी आहे? या विद्येसाठीं जेकबसन, निकोल्स, गेटिस आणि टाट यांच्यासारख्यांनीं वर्षेंच्या वर्षें वेंचलीं, आणि ती जगास मोकळ्या हातानें दिली. ती घरीं आणण्यास पैसा फार लागत नाहीं. एक संध्याकाळ आणि थोडें लक्ष द्यावें लागतें.