प्रतिज्ञेखाली नसलेले नाव

1962 साली विशाखापट्टणमच्या जिल्हा कोषागारात पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाचे अधिकारी होते. काम सरकारी तिजोरीच्या हिशेबाचे, पण माणूस भाषेत रमणारा. ‘कालभैरवुडु’ ही तेलुगू कादंबरी त्यांच्या नावावर आहे. नलगोंडा जिल्ह्यातले अन्नेपर्ती हे त्यांचे गाव. त्या वर्षी त्यांनी तेलुगूत मोजकी वाक्ये लिहिली. आपण शाळेत मराठीतून रोज म्हटलेली प्रतिज्ञा ती हीच.

प्रतिज्ञा म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या समितीने खल करून ठरवलेला मजकूर असणार, असे आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात ती एका माणसाने आपणहून लिहिली. सुब्बारावांनी तो कागद ज्येष्ठ नेते तेन्नेटी विश्वनाथम यांना दाखवला. त्यांनी तो आंध्र प्रदेशाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री, विजयनगरमच्या राजघराण्यातले पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे पोचवला. 1963 साली विशाखापट्टणमच्या एका शाळेत मुलांनी ती पहिल्यांदा म्हटली. 1964 मध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक भरली. अध्यक्षस्थानी केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले तेच हे छागला. 26 जानेवारी 1965 पासून देशभरच्या शाळांत ही प्रतिज्ञा म्हटली जावी, असे त्या बैठकीत ठरले.

या तारखांकडे जरा थांबून पाहायला हवे. 1962च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले. 1965च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी. प्रतिज्ञा लिहिली गेली आणि शाळाशाळांत पोचली ती याच धामधुमीच्या वर्षांत. तरीही तिच्यात शत्रू नाही. झेंडा नाही, देव नाही, पुढारी नाही, मरण्या-मारण्याची भाषा तर नाहीच. देशबांधव आहेत, नाना तऱ्हेच्या परंपरा आहेत, आईवडील आणि गुरुजी आहेत. आणि समोर येईल त्या प्रत्येकाशी सभ्यपणे वागण्याचे वचन आहे. इतरांचे भले झाले तर त्यातच माझे सुख, असे शेवटी मूल म्हणते. देश संतापलेला, घाबरलेला असताना एका कोषागार अधिकाऱ्याला मुलांच्या तोंडी हे शब्द द्यावेसे वाटले, याचे मला मोल फार वाटते.

अमेरिकेची प्रतिज्ञा आपल्याहून सत्तर वर्षांनी थोरली. फ्रान्सिस बेलामी या पाद्र्याने 1892 साली ‘यूथ्स कंपॅनियन’ या मासिकासाठी ती लिहिली. कोलंबसच्या सफरीला 400 वर्षे झाली होती, आणि हे मासिक शाळांना झेंडेही विकत असे. त्यामुळे ती सुरू होते झेंड्यापासून. ती म्हणताना मुले झेंड्याकडे उजवा हात लांब करीत. पुढे हिटलरच्या सलामीशी त्याचे साम्य खटकू लागले आणि 1942 मध्ये हात छातीवर आला. देवाचा उल्लेख 1954 साली घातला गेला. पण सक्तीचा प्रश्न तिथे त्याआधीच सुटला होता. 14 जून 1943 रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतिज्ञा म्हणण्याची बळजबरी कुठल्याही मुलावर करता येणार नाही.

आपल्याकडेही असा प्रसंग आला, फक्त तो राष्ट्रगीतावरून. केरळातली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. ऑगस्ट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. गप्प राहणे म्हणजे अपमान नव्हे, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. प्रतिज्ञेलाही हाच न्याय लावावा, असे माझे ठाम मत आहे. सौजन्याचे वचन धाकदपटशाने वदवून घेता येत नाही.

म्हणून प्रतिज्ञा बंद करा, असे मात्र मी म्हणणार नाही. परिपाठाच्या वेळचे मैदान आठवा. माइकवर एक मुलगी एकेक वाक्य सांगते, मागून चारशे गळे ते उचलतात. उजवा हात समोर धरून धरून दुखू लागतो, मग तो हळूच पुढच्याच्या दप्तराला टेकतो. शब्द एका दमात संपतात आणि ‘विश्राम’ची आज्ञा होते. तेवढ्यात उशिरा आलेल्या पोराला सगळ्यांसमोर बाजूला उभे करून झापले जाते. प्रत्येकाशी नीट वागू, असे सगळे मैदान नुकतेच म्हणालेले असते. मुलांच्या हे लक्षात येते. शाळेने महिन्यातला एक तास काढून प्रतिज्ञेतले एकच वाक्य घ्यावे आणि ते आपल्या वर्गात कुठे पाळले जाते, कुठे मोडते, यावर मुलांना बोलू द्यावे. पाठांतराने जे साठ वर्षांत साधले नाही, ते त्या तासाने साधेल.

सुब्बारावांना स्वतःलाही ती कुठवर पोचली हे बरीच वर्षे माहीत नव्हते, असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. नात पाठ्यपुस्तकातून मोठ्याने वाचत होती, तेव्हा आपलीच वाक्ये त्यांच्या कानी पडली. 1988 साली ते गेले. मी ज्या पुस्तकांतून शिकलो, त्यांच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा होती, खाली नाव नव्हते. वडीलधाऱ्यांचा मान राखायला सांगणाऱ्या मजकुराखाली तो लिहिणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. पाठ्यपुस्तक मंडळांनी ते छापावे. तोवर शिक्षकांनी एवढे करावे: उद्याच्या परिपाठात प्रतिज्ञा झाली की पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे नाव मुलांना सांगावे.