बोस्टनच्या ब्राऊन ब्रेडची कुळकथा

बोस्टन ब्राऊन ब्रेड भट्टीत भाजत नाहीत, वाफवतात. पत्र्याच्या डब्यात शिजत असल्यामुळे तो गोल खांबासारखा बाहेर पडतो. रंग काळपट तपकिरी, अंग ओलसर, चव गोड आणि शेवटी जराशी कडसर. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचा हा पाव. त्यातला जवळजवळ एकही जिन्नस तिथल्या लोकांनी हौसेने निवडलेला नाही. हवे ते मिळेना म्हणून हाताशी आले ते घातले, अशीच त्याची सगळी जन्मकथा आहे.

हवा होता गहू. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेले इंग्रज बियाणे पेरत, पण जमीन हलकी आणि पुढे पिकावर तांबेरा पडू लागला. या तांबेऱ्याला आसरा दिला होता त्यांनीच! कुंपणाला आणि मुरंब्याला उपयोगी म्हणून युरोपातून बार्बेरीची झुडपे आणली गेली. आपल्या दारुहळदीच्याच कुळातली ही वनस्पती. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्याचा एक टप्पा या झुडपावर काढते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारीने १८६५ मध्ये सिद्ध केले. शेतकऱ्यांना मात्र संशय कधीचाच आला होता. कनेटिकटमध्ये १७२६ मध्येच बार्बेरी नष्ट करण्यासाठी कायदा झाला.

तोवर घरोघरी मका आला होता. तो कसा पेरायचा हे वसाहतवाल्यांना मूळच्या वाम्पानोआग लोकांकडून कळले. थंडीला दाद न देणारे राय हे धान्य युरोपातून आलेलेच होते. ही दोन पिठे आणि महागाईचा थोडा गहू मिळून पाव होऊ लागला.

राहिली गोडी. साखर श्रीमंतांची, म्हणून गरिबाच्या वाट्याला मळी. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टातून साखर निघे आणि तळाला मळी उरे. फ्रेंच बेटांवर ती विशेष स्वस्त होती, कारण आपल्या ब्रँडीला स्पर्धा नको म्हणून फ्रान्सने मायदेशात मळीची रम येऊ दिली नव्हती. न्यू इंग्लंडची जहाजे तिकडे खारवलेले मासे आणि लाकूड नेत, येताना मळीची पिंपे आणत. बरीचशी मळी रम गाळण्यात जाई, आणि ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायलाही वापरली जाई. १७३३ मध्ये ब्रिटिश संसदेने परक्या मळीवर गॅलनला सहा पेन्स कर बसवला, तो व्यापाऱ्यांनी सर्रास चुकवला. १७६४ मध्ये तो तीन पेन्सांवर आणून वसुली कडक केली, तेव्हा बोस्टन खवळले. स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत या मळीचाही वाटा आहे. एवढे सगळे पोटात घेऊन हा पाव धर्मनिष्ठ प्युरिटनांच्या ताटात पडत होता, हे विसरून त्याचे कौतुक करणे मला तरी जमत नाही.

प्युरिटनांचा विश्रामदिवस शनिवारच्या सूर्यास्तापासून सुरू होई आणि त्यात काम वर्ज्य. म्हणून शनिवारी राजम्याचे भांडे विटांच्या भट्टीत लावून ठेवायचे आणि जोडीला हा पाव. ही जोडी पुढे बोस्टनची ओळखच झाली.

वाफेवरचे रूप स्थिरावले ते एकोणिसाव्या शतकात, खायचा सोडा स्वस्त झाल्यावर. राय आणि मक्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे यीस्टने ते नीट फुगत नाहीत. ताक आणि मळी दोन्ही आम्लधर्मी. सोडा त्यांना भेटला की वायू सुटतो आणि वाफेत तो अडकून पीठ हलके होते. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकपुस्तकात राय, मका आणि कोंड्यासकट दळलेला गहू प्रत्येकी एक कप, पाऊण कप मळी, दोन कप आंबट दूध, सोडा आणि मीठ असे प्रमाण आहे. बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात पाव सुबक होतो, असा त्यांचा अनुभव. साडेतीन तास वाफवायचा.

घरी करायचा तर डब्याला आतून लोणी लावा आणि दोनतृतीयांशच भरा. झाकण बांधून घ्या, नाहीतर ते उडते. खोल पातेल्यात डबा अर्धा बुडेल इतके उकळते पाणी ठेवा, आटले की उकळतेच घाला. रायऐवजी नाचणी चालते, चव मात्र बदलते. पाव गरम असताना सुरीने चेंगरतो, म्हणून दोऱ्याने कापतात. मळीच्या जागी आपली काकवी घ्या. साखर कारखान्यातली मळी घेऊ नका, ती मद्यार्कासाठी आणि पशुखाद्यासाठी असते.