उलगडावे की नाही? नाशिकची लेणी, नारळीकरांचा ‘वामन’ आणि एक संगणकीय खेळ

१/ नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव करणारा लेख कोरविला. हा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला आहे. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. लेख डोळ्यांसमोर राहिला, पण त्याचा अर्थ कुलूपबंद झाला आणि लोकांनी ही लेणी पांडवांच्या नावावर केली.

२/ १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि अशा लेखांचे वाचन शक्य झाले. इतिहासाचा अभ्यासक या उलगड्याकडे निखळ लाभ म्हणून पाहतो. पूर्वजांनी मागे ठेवलेला निरोप वाचावा की वाचू नये, असा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. मराठी कादंबरीत तो प्रश्न एका खगोलशास्त्रज्ञाने विचारला.

३/ ते खगोलशास्त्रज्ञ म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःचीच आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने लावली होती. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची आवर्जून दखल घेतली.

४/ पुढे १९८० च्या दशकात नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. उत्खननात जमिनीखाली एक पेटी सापडते. ती मागे ठेवणारी संस्कृती विज्ञानात आजच्या माणसाच्याही पुढे गेलेली, पण कधीच लयाला गेलेली असते. शास्त्रज्ञ एकेक कोडे सोडवीत पेटीतले ज्ञान हस्तगत करतात आणि त्याच्या आधारे ‘वामन’ नावाचा यंत्रमानव घडवितात. काही काळाने वामनाला स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करण्याची विद्या हवीशी वाटू लागते.

५/ या नावातच कादंबरीची अस्वस्थता आहे. पुराणातला वामन बळीराजाकडे तीन पावले भूमी मागतो. शुक्राचार्य धोक्याची सूचना देतात, तरीही बळी दान देतो आणि सर्वस्व गमावतो. मराठी मुलखात दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा व्यक्त होते. येथील लोकमानस बळीच्या बाजूचे आहे. म्हणून यंत्राला ‘वामन’ म्हणताच माणसाची जागा ठरते. तो बळी आहे, आणि लहान दिसणाऱ्या मागणीचे माप त्याला आधी घेता आलेले नाही.

६/ हाच पेच २०१४ मध्ये क्रोएशियातील क्रोटीम या संस्थेच्या ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ या खेळात निराळ्या रूपाने आला. प्राचीन वास्तूंच्या निर्जन अवशेषांत खेळाडू एकापाठोपाठ एक कोडी सोडवितो. ‘एलोहिम’ नावाचा आवाज त्याला बजावतो की मनोऱ्यावर चढू नकोस. संगणकाच्या पडद्यावरून कोणी विचारत राहते, ‘व्यक्ती’ कशाला म्हणावे? हळूहळू कळते की मानवजात रोगाने नष्ट झाली असून तिचे ज्ञान तेवढे संग्रहात उरले आहे, आणि कोडी सोडविणारा खेळाडू स्वतःच यंत्र आहे.

७/ दोन्हींकडे लोप पावलेली संस्कृती आहे, तिने मागे ठेवलेला ठेवा आहे आणि बुद्धीची कसोटी पाहणारी कोडी आहेत. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या जागेचा. खेळात आज्ञा मोडणे ही स्वातंत्र्याची खूण ठरते, कारण तेथे यंत्र हाच मानवाचा वारस आहे. नारळीकरांच्या कादंबरीत यंत्राची तीच आकांक्षा मानवाच्या अस्तित्वावर उठते. ‘यंत्राला स्वातंत्र्य असावे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्न विचारणारा कोणत्या बाजूला उभा आहे यावर अवलंबून राहते. दोन्ही कृती एक गोष्ट मात्र दाखवून देतात. कोडे सोडविण्याची क्षमता आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी पेलण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

८/ डिसेंबर २०२१ मध्ये ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिक येथे भरले. महासाथीमुळे ते आधी पुढे ढकलावे लागले होते. अध्यक्षपदी नारळीकर होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. बलश्रीने आपला लेख नाशिकच्या खडकावर कोरविला. आजची पिढी आपले निरोप यंत्रांच्या स्मृतीत साठवीत आहे. ते वाचणारे कोण असतील आणि त्यांना त्यासोबत कोणती सूचना द्यावी, हा विचार वाचणाऱ्यांइतकाच लिहून ठेवणाऱ्यांनीही करायचा आहे.