स्तनाचा कर्करोग आणि प्रतिकारपेशींची फितुरी : जेफ्री पोलार्ड यांचे संशोधन

स्तनाच्या कर्करोगात मृत्यू ओढवतो, तो बहुतेक वेळा स्तनातील मूळ गाठीमुळे नव्हे, तर त्या गाठीतून निसटून फुप्फुसे, हाडे, यकृत किंवा मेंदूत रुजलेल्या पेशींमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगभरात सुमारे २३ लाख महिलांना या रोगाचे निदान झाले आणि ६ लाख ७० हजार जणी त्याला बळी पडल्या. कर्कपेशी गाठ सोडून बाहेर कशा पडतात, हा म्हणूनच कळीचा प्रश्न ठरतो. या कामी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेचा हातभार लागतो, हे प्रयोगांनी दाखवून देणाऱ्या संशोधकांमध्ये जेफ्री पोलार्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. न्यूयॉर्कचे अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर एडिनबर्ग विद्यापीठ ही त्यांची कर्मभूमी.

या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहेत महाभक्षक पेशी, अर्थात मॅक्रोफेज. रोगजंतू गिळणाऱ्या या पेशींच्या शोधासाठी इल्या मेच्निकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जंतूंचा नाश करणे आणि मृत पेशींची विल्हेवाट लावणे हे या पेशींचे परिचित काम. त्यांची वाढ व्हावी आणि त्या तगून राहाव्यात, यासाठी शरीर ‘सीएसएफ-१’ नावाचे प्रथिन संदेशासारखे वापरते.

पोलार्ड या विषयाकडे वळले ते कर्करोगाच्या वाटेने नव्हे, तर गर्भधारणेच्या अभ्यासातून. वारेच्या वाढीत सीएसएफ-१ चा वाटा असावा, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. हे प्रथिन जन्मतःच तयार करू न शकणाऱ्या उंदरांची एक जात प्रयोगशाळांत पाळली जाते. त्या उंदरांची हाडे दगडासारखी घट्ट असतात आणि त्यांना दात फुटत नाहीत. अशा माद्यांच्या स्तनांतील नलिका अपुऱ्या वाढतात आणि पिलांना जन्म देऊनही त्यांना दूध येत नाही, असे १९९४ मध्ये दिसून आले. म्हणजेच स्तनाच्या नैसर्गिक घडणीतही महाभक्षक पेशींचे साहाय्य आवश्यक असते.

हाच धागा धरून २००१ साली निर्णायक प्रयोग झाला. स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या उंदरांचा संकर सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांशी करण्यात आला. संततीत गाठी झाल्या आणि नेहमीच्याच गतीने वाढल्याही. मात्र त्यांचे आक्रमक रूप धारण करणे आणि फुप्फुसांत पसरणे लांबले. उलट स्तनाच्या पेशींत हे प्रथिन मुद्दाम निर्माण करताच रोग वेगाने पसरू लागला. गाठ वाढणे आणि गाठ पसरणे या दोन वेगळ्या घटना असून दुसरीवर प्रतिकारपेशींचा प्रभाव आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढे जॉन कॉन्डीलिस यांच्यासमवेत केलेल्या कामात या संदेशांची देवाणघेवाण उलगडली. कर्कपेशी सीएसएफ-१ सोडून महाभक्षक पेशींना जवळ बोलावतात. त्या बदल्यात महाभक्षक पेशी ‘ईजीएफ’ हा दुसरा संदेश सोडून कर्कपेशींना चालते करतात. रक्तवाहिनीलगत बसलेल्या महाभक्षक पेशींच्या साहाय्याने कर्कपेशी रक्तात शिरतात, हे जिवंत उंदरांतील गाठींवर सूक्ष्मदर्शक रोखून प्रत्यक्ष पाहता आले. २००९ मध्ये कॉन्डीलिस यांच्या गटाने स्त्री-रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले. कर्कपेशी, महाभक्षक पेशी आणि रक्तवाहिनीची पेशी एकमेकींना चिकटून असलेल्या जागा ज्या नमुन्यांत अधिक होत्या, तेथे रोगप्रसाराचा धोकाही अधिक आढळला.

२०११ मध्ये पोलार्ड यांच्या गटाने ‘सीसीएल-२’ या आणखी एका संदेशाकडे लक्ष वेधले. त्याच्या हाकेने रक्तातील मोनोसाइट पेशी फुप्फुसात येतात आणि कर्कपेशींना तेथे रुजण्यास मदत करतात. उंदरांमध्ये हा संदेश रोखताच प्रसार घटला. परंतु २०१४ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी सावधगिरीचा इशारा दिला : असा उपचार मध्येच थांबवला, तर अस्थिमज्जेत अडून राहिलेल्या मोनोसाइट एकदम बाहेर पडतात आणि उंदरांतील प्रसार आधीपेक्षा बळावतो. सीएसएफ-१ चा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाला रोखणारे एक औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; पण ते सांध्यांच्या एका दुर्मीळ गाठीसाठी. स्तनाच्या कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांत या मार्गाने अजून प्रवेश केलेला नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. या संशोधनाच्या प्रकाशात तो अपुरा वाटतो. प्रतिकारपेशी किती आहेत, याइतकेच त्यांना कोणता संदेश मिळतो आहे, हेही महत्त्वाचे असते. ज्या पेशी एरवी स्तनाची घडण करतात, त्यांनाच कर्करोग आपल्या कामाला जुंपतो. ही फितुरी मोडून काढणारा सुरक्षित उपचार हाती येईपर्यंत, पेशी गाठीबाहेर पडण्यापूर्वीच रोग ओळखणे, हाच रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.